चार वाजताच्या चहाला जीन्स चालत नाही

माझं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडणारा माणूस आज सकाळी बदलापूरच्या आमच्या घरी वारला.

अनिलमामा. आईचा धाकटा भाऊ.

झोपेतच गेला. डॉक्टरांनी आम्हाला फार वाईट दिवसांची तयारी ठेवायला सांगितली होती. ते दिवस आलेच नाहीत.
म्हणून रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. तसं लिहायला हरकत नसावी.

मामा क्रूझवर स्टुअर्ड होता. दुपारच्या चहाचा.
चार वाजता मोठा हॉल, पांढरं जॅकेट, पांढरे हातमोजे, हातात किटली.

ऐंशीच्या दशकात तो लागला तेव्हा प्रवासी चहालाही कोट घालून यायचे. किटली आधी गरम पाण्याने तापवायची, दूध वेगळं, सँडविचच्या कडा कापलेल्या.

नव्वदीत लोक पोहून तसेच ओल्या हाफ पँटवर येऊन बसायला लागले. कोणी अडवेना.
मग कंपनीनेही हात आखडला. टी-बॅग आल्या, कागदी कप आले, फ्रीजरमधून काढलेला केक मधोमध गार लागायला लागला.

"आधी कपड्यांची शिस्त गेली, मग चहाची गेली, मग मी निघालो," मामा सांगायचा.

पुढचा करार त्याने घेतला नाही. उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, आमच्याकडे राहायला आला.

आमचा चहा आलं ठेचून उकळलेला, स्टीलच्या ग्लासातला. त्यात मामाने काही बदललं नाही. नियम मात्र आणला. चारच्या चहाला बनियनवर कोणी बसायचं नाही.

"अरे, घर आहे हे. बोट नाय," आई म्हणायची.
"ताई, बोटीवर पण लोक हेच म्हणायला लागले होते. सुट्टीवर आहोत, घरच्यासारखं राहू दे."

खालचा सिंधी दुकानदार त्याला रोज छेडायचा. "क्या कॅप्टन, स्टीमर कब छूटेगा?"
मामा त्याच्या बर्म्युडाकडे बघून म्हणायचा, "सेठ, आपकी बाकी पँट सिलके आ जाए, फिर."

मी तेव्हा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले होते. प्रेशर गेज कॅलिब्रेट करायचं, म्हणजे दाब बरोबर दाखवतात का ते तपासायचं काम, शिफ्ट ड्यूटी.
मला ते काम आवडत होतं. स्वतःबद्दल तेवढीच एक गोष्ट मला नक्की माहीत होती.

कल्याणचं स्थळ आलं. माझी अट एकच, नोकरी सोडणार नाही. तिकडून "चालेल" असा निरोप आला.
बघायचा कार्यक्रम चारला ठरला. वेळ अर्थात मामाने ठरवली.

"ट्रे सुजी आणणार नाही," त्याने जाहीर केलं. "जो बसतो तो वाढत नाही. मी आणेन."
"पोरीनेच आणायचा असतो. लोक काय म्हणतील?"
"चहा चांगला होता म्हणतील."

आमच्या घरात दोनच कोट होते. एक भिंतीवरच्या फोटोतला, दुसरा मामाचा, जहाजावरचा पांढरा. त्या दिवशी मामाचा बाहेर निघाला.
सर्व्हिस चालू असताना आपली ओळख करून द्यायची नाही, हेही त्याने आईला बजावलं. आईने हात टेकले.

मुलगा आणि त्याचे आईवडील आले. मुलगा जीन्समध्ये. लेबल अमेरिकेचं, शिलाई आमच्याच कॅम्प पाचची. आमच्याकडच्या माणसाला ते लांबूनही कळतं.
मामाची नजर एकदा खाली गेली, वर आली. त्याने मुकाट्याने कप भरला.

आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं.
"शिफ्टचं मला काय नाय," मुलगा म्हणाला. "माझी पण शिफ्टच आहे."
सभ्य वाटला. मनातल्या मनात मी होकार देऊन टाकला.

आई पोहे आणायला आत गेली. हॉलमध्ये मुलाचे आईवडील आणि किटली घेतलेला मामा. तिथे काय झालं ते मला पुष्कळ नंतर मामाकडून कळलं.

"आत्ता हो म्हणायचं," वडील बायकोला सांगत होते. "लग्न झालं की नोकरी बंद. सून नाईटला जाते, असं सांगायचं का नातेवाइकांना?"
"हळू बोला."
"कोण आहे इथे? हॉटेलवाला आहे."

हॉटेलवाल्याने विचारलं, "साखर किती, सर?"

आम्ही परत येऊन बसलो. आई पोहे घेऊन आली.
मामाने हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"सर्व्हिस संपली. जयभीम. मी मुलीचा मामा."

वडिलांचा कप बशीवर वाजला. "आम्हाला वाटलं..."
"हॉटेलवाला. बरोबर वाटलं. जहाजावर पण लोक माझ्यासमोर काहीही बोलायचे. मी कधी कोणाचं बाहेर काढलं नाही. पण ही माझी भाची आहे. मघाशी बोललात ते तिच्यासमोर बोला."

त्याला स्वतःला सांगता आलं असतं. तेव्हा त्याने सांगितलं नाही.

वडिलांनी कप खाली ठेवला. मग बोलले, हे त्यांचं श्रेय. "लग्नानंतर नोकरी नको, असं आमचं मत आहे."

मी मुलाला विचारलं, "आणि तुमचं?"
तो बशीकडे बघत म्हणाला, "पप्पा बोलले ना."

"मग माझ्याकडून नको."

ते गेल्यावर आई मामावर खूप चिडली. "जमलेलं मोडलंस."
"मी कुठे मोडलं, ताई? नाही ती म्हणाली. मी फक्त तिला ऐकवलं."

मी पोह्यांची प्लेट ओढली आणि संपवली. मग पाहुण्यांच्या उरलेल्या प्लेटही संपवल्या. सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं, ते तेव्हा लक्षात आलं.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेले.

पुढे लग्न झालं. उशिरा झालं. त्याच नोकरीतून रजा घेऊन झालं, आणि रजा संपल्यावर मी परत जॉइन झाले.

आज पण रजा टाकली आहे. उद्या ड्यूटीवर जाईन.

जयभीम, मामा. निवांत झोप.