बागेतली फळे खाण्याची परवानगी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हात आपोआप वरच्या ओठाकडे जातो. तेव्हा मला भरघोस मिशी होती. खात्यात तिचे कौतुक होते आणि मलाही तिचा गरजेपेक्षा जरा जास्तच अभिमान होता.

छत्रपती संभाजीनगरात हर्सूलकडच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडी नुकतीच सुरू झाली होती. रविवारची दुपार म्हणजे ठाण्यात पार्किंगवरून भांडलेली माणसे. त्यातल्या दोघांना समज देत होतो, तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून फोन आला. जवळच्या सार्वजनिक बागेत एका मुलीचा वाढदिवस होता. त्या कार्यक्रमातली मुले उलट्या करत दाखल झाली होती. वाढदिवस असलेल्या मुलीचा धाकटा भाऊ, जेमतेम चार वर्षांचा, त्याची अवस्था वाईट होती.

त्यामागोमाग दुसरा फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

"साहेब, बागेत तो बुढ्ढी के बाल विकणारा येतो ना, त्यानंच लेकरायला कायतरी घातलंय. तुम्ही धरा त्याला, नाहीतर आम्ही धरतो."

'आम्ही धरतो' हे शब्द ऐकल्यावर कोणताही ठाणेदार खुर्चीत बसून राहत नाही. अशा वेळी तपास नंतर, आधी माणूस गाठायचा. मी गाडी काढली. बागेच्या फाटकापाशी लोकांनी त्याला घेरलेच होते. गुलाबी साखरेच्या पिशव्या चिखलात पडल्या होत्या आणि शर्टाची एक बाही फाटली होती. त्याला ओढून गाडीत घातले. मूळचा सिल्लोडकडचा, पन्नाशीचा, हर्सूलमध्ये भाड्याने राहणारा माणूस. त्याचे नाव विचारून गर्दीने आपला निकाल कधीच लावून टाकला होता, आणि मोबाईलवर त्याचा फोटो फिरायलाही लागला होता.

ठाण्यात आणून पाणी दिले, डायरीला नोंद केली आणि चौकशीला बसलो.

"बागेत गेला होतास?"

"नाय साहेब. गेटाबाहेरच होतो."

"आत गेलाच नाहीस?"

"अल्ला कसम साब, अंदर नै गया." घाबरला की तो मराठीतून दख्खनीत जाई.

तो खोटे बोलत होता. चपलेला बागेतले ओले गवत चिकटलेले होते, आणि दवाखान्यात बसवलेल्या शिपायाने फोनवर सांगितले होते की मुलांची बोटे गुलाबी आहेत. मी टेबलावर हात आपटला. तो हमसून रडू लागला, पण उत्तर बदलले नाही. बाहेर फाटकाशी लोक जमत होते. मी बंदोबस्त वाढवायला सांगितला, त्याला आतल्या खोलीत बसवले आणि दवाखाना गाठला.

मुलीचे वडील वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला होते. पुढे येऊन त्यांनी आधी काय दाखवले असेल, तर उद्यान विभागाचा परवानगीचा कागद. लॉनचा एक कोपरा, दुपारपुरता. ध्वनिक्षेपक नाही, आत स्वयंपाक नाही, फेरीवाला नाही.

"साहेब, सगळं अटीप्रमाणं केलंय. जेवण घरून आणलं होतं."

तेवढ्यात पंचनाम्याला गेलेल्या हवालदाराचा फोन आला. लॉनवर गवत गोल जळलेले होते आणि भाजीचा वास अजून येत होता. म्हणजे शेगडी आतच पेटली होती. पोटचे पोर सलाईनवर असताना हा माणूस शेगडी लपवत होता. मला त्याचा भयंकर राग आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. "साहेब, नासलेलं अन्न असेल तर उपचार एक, शेतातलं औषध असेल तर दुसरा. अंदाजावर या पोराला मी किती वेळ धरून ठेवू? काय पोटात गेलंय ते मला कळलं पाहिजे."

मी मुलीपाशी गेलो. आठेक वर्षांची, वाढदिवसाच्या फ्रॉकवर सगळे डाग. तिला त्रास कमी होता. शेजारच्या खाटेवर तिचा भाऊ डोळे अर्धवट मिटून पडला होता.

"बाळा, बागेत काय काय खाल्लं?"

तिने एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिले आणि आईच्या पदरात डोके घातले. "काहीच नाही."

पुढच्या खाटेवर विचारले. काहीच नाही. त्याच्या पुढे विचारले. काहीच नाही.

आता वाढदिवसाला गेलेले पोर काहीच खाल्ले नाही म्हणते, हे कधी ऐकले आहे का? केक तरी सांगेल की! मोठी माणसे एकेक गोष्ट निवडून लपवतात. मुलांना ते जमत नाही, ती सगळेच झाकून टाकतात. माझ्यासोबतच्या महिला अंमलदाराने गोडीत विचारून पाहिले. मुलगी तिला म्हणाली, "तुम्ही पण पोलीसच ना?"

मी तडक बागेत गेलो. फाटकावरून आत शिरताना नियमांचा फलक दिसला. रोज त्यावरून नजर जात असे, वाचला कधी नव्हता. 'पाने, फुले, फळे तोडणाऱ्यास पोलिसांच्या ताब्यात देण्यात येईल.' आणि खाली, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, चित्र होते. एक पोलीस एका मुलाचा कान पिरगाळतोय, मुलाच्या हातातून फळ गळून पडतेय. पेंटरने पोलिसाची मिशी फार मन लावून काढली होती. ती थेट माझी मिशी होती.

त्या मुलीने माझ्या तोंडाकडे तसे का पाहिले, ते मला तिथे उभ्या उभ्या कळले. मुलांनी काहीतरी तोडून खाल्ले होते. पण काय? बाग मोठी, शेकडो प्रकारची झाडे, आणि वेळ हातातून चालला होता. हवालदाराला तिथेच थांबायला सांगून मी पुन्हा दवाखान्यात आलो.

वडिलांकडून परवानगीचा कागद मागून घेतला. ते बिचारे गारठले, त्यांना वाटले शेगडीचे बिंग फुटले. मी मुलीच्या खाटेवर बसलो, टोपी काढली, खिशातले पेन काढले आणि तिच्या समोर कागदाच्या तळाशी लिहिले : 'कार्यक्रमातील सर्व मुलांना बागेतील फळे तोडून खाण्याची परवानगी आहे.' खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचले. मग वरच्या कोपऱ्यातल्या उद्यान विभागाच्या शिक्क्याकडे पाहिले.

"याला शिक्का नाही."

"मिशीवाल्या पोलिसाला शिक्का लागत नाही."

हे तिला पटले असावे. "सगळ्यांना परवानगी आहे? छोट्याला पण?"

"छोट्याला पण."

तिने कागदाची घडी घातली. "मागच्या कुंपणापाशी हिरवी फळं आहेत. आत काळी बी असते. ती फोडली की पांढरं निघतं, शेंगदाण्यासारखं. छोट्यानं लई खाल्लं. त्याला सोलता येत नव्हतं, मीच सोलून दिलं." एवढे बोलून ती जी रडायला लागली, ती आईलाही आवरेना.

"चंद्रज्योत!" डॉक्टरीणबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. बागेमागच्या पडीक जागेतून मोगली एरंडाची ती विषारी झुडपे कुंपणात घुसली होती. हवालदाराने फळे आणली, बाईंनी ओळखली, आणि त्यानंतर त्या खोलीत कुणी अंदाजावर काम केले नाही.

मी त्यातलीच काही फळे घेऊन ठाण्यावर आलो आणि गाडीच्या पायरीवर उभा राहून लोकांना दाखवली. मुलांनी काय खाल्ले, कुठे खाल्ले, सगळे सांगितले. गर्दीतून एकाने विचारले, "मग यानं कायच नाय केलं व्हय?" त्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती. कुणी माफी मागितली नाही. फाटक मोकळे झाले, एवढेच.

आतल्या खोलीत जाऊन मी त्या माणसाला म्हणालो, "अरे, आत गेलो होतो एवढं सांगायला काय झालं होतं?"

"आत धंदा करायची परवानगी नाय ना साहेब. महापालिकेनं हातगाडी उचलून नेली असती." फाटकी बाही सारखी करत म्हणाला, "आणि आत गेलतो म्हणलो असतो, तर तुम्ही मला सोडलं असतं का?"

"नाही," मी म्हणालो. खरे तेच होते.

नोकरीत असंख्य जबाब घेतले. पोलिसाला पाहून सराईत गुन्हेगार घाबरत नाही, हे मला ठाऊक होते. पण साधी माणसे शेगडी, हातगाडी आणि दोन फळे लपवण्यासाठी एखाद्याचा जीव पणाला लावतील इतकी आपल्याला भितात, हे त्या दिवशी कळले. तोपर्यंत या भीतीलाच मी दरारा समजत होतो. आठवड्याभरात मिशी काढली. खात्यात चेष्टा झाली, बायकोने दोन दिवस ओळख दाखवली नाही, पण पुन्हा ठेवली नाही.

त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा छोटा उठून बसला होता आणि पेज नको म्हणून भांडत होता. ते भांडण मी दारात उभा राहून पुरते ऐकून घेतले. त्याच्या बहिणीने उशीखालून घडी केलेला कागद काढला.

"काका, हा परत घ्या. मला आता नको. मी कधीच तोडणार नाही."

मी कागद खिशात ठेवला. ती अजून माझ्या पेनकडे पाहत होती.

"बुढ्ढी के बालवाल्या काकांना पण असा एक लिहून द्या ना. वॉचमनची शिट्टी वाजली की ते झाडामागं लपतात. त्यांच्याकडे परवानगी नाही."

पेन खिशात होते. आदल्या दिवशी एक खोटी परवानगी लिहून मी तिचा भाऊ वाचवला होता. पण त्या माणसाला खरी लागत होती, आणि त्या परवानगीवर सही करणारा मी नव्हतो. हे त्या मुलीला कसे सांगायचे ते मला सुचले नाही, आणि बागेपाशी शिट्टी ऐकू आली की आजही सुचत नाही.