पत्रिकेतल्या मामांचं माप

मेव्हणीच्या लग्नपत्रिकेत मी मामांना नवरदेवापेक्षा मोठं करून ठेवलं, आणि पत्रिका छापून आल्यावर ते मला दिसलं. अकोल्यात माझं डीटीपीचं दुकान होतं. म्हणजे हे काम मला येतं, असा माझा दावा होता.

कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलेले ते दिवस. त्यामुळे लग्न पातूरला, घरच्याच मांडवात, आणि पत्रिका एकरंगी, एका पानाची. पण मानपान कुठे कमी होतो? आमच्या लग्नात मोठ्या मामांचं नाव बारीक छापलं, म्हणून ते न जेवता परतले होते. आता पुन्हा रुसले तर नवरीच्या पाठीशी उभं कोण राहणार? सासूबाईंनी मला बजावलं, "जावईबुवा, मोठ्या मामाचं नाव ठसठशीत करजा."

तेवढं एक नाव मोठं करायचं, झालं काम. पण मला नुकतीच स्टाइल शीटची चटक लागली होती. अक्षरांचं माप एकदा ठरवून त्याला नाव द्यायचं. मग ते बदललं की ती स्टाइल लावलेला सगळा मजकूर आपोआप बदलतो. आळशी माणसाला आणखी काय पाहिजे? मी 'मामा' नावाची स्टाइल केली आणि काका, फुवाजी, बालगोपाळ, सगळ्यांना तीच चिकटवली. नवरा-नवरीची तेवढी वेगळी. मग 'मामा'चं माप वाढवलं आणि पान थेट प्रेसला धाडलं.

बायको म्हणाली होती, "एकडाव पाहून तं घ्या."

"स्टाइल लावली आहे," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी मोठे मामा पत्रिका हातात घेऊनच मांडवात शिरले. मी आचाऱ्याच्या मागे सरकलो.

"बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "पत्रिका अशी पायजे! चष्म्याबिगर वाचली म्या."

त्यांच्याखाली धाकटे मामा, काका, फुवाजी तेवढेच मोठे होते. पण जो तो आपलंच नाव वाचून राहिला होता. मोठे मामा छाती काढून नवरीमागे उभे राहिले, सासूबाईंचा जीव भांड्यात पडला आणि मी आचाऱ्यामागून बाहेर आलो.

पंगत उठल्यावर बायकोनं पत्रिका माझ्यापुढे धरली. "सारे फुगले, अन् खालची जावयाची ओळ कागदाबाहेर गेली. तुमचं नावच नाही याच्यात. पाह्यलं का?"

मी कुठलं पाहतो! माझी नजर मामांवरच अडकली होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "नवरदेव इतका बारीक काहून, असं कोनी इचारलं तं मी सांगीन, पत्रिका जावयानं केली असती तं त्याचं नाव नसतं का?"