चष्मेवाल्यांची प्रार्थना

"अहो, जगाला दिसायला लावता आणि स्वतः मात्र आंधळे!" बायकोचा हा टोमणा चष्मेवाल्यांना जेवणाइतकाच नेमाने मिळायचा. त्यावर त्यांचंही उत्तर तयार असायचं. "दिसत नाही ते दिसतं म्हणणारं गिऱ्हाईक मला दुकानात चालत नाही. मग देवापुढे जाऊन मीच तसं कसं करू?"

आणि खरंच चालत नसे हो. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचताना माणसं काय काय लबाड्या करतात! कुणी डोळे बारीक करतं, कुणी आधीच्याचं ऐकून ओळ पाठ करून ठेवतं, कुणी लाजेखातर अंदाजाने ठोकून देतं. मग चष्मा चुकतो आणि तीच मंडळी डोकं धरून परत येतात. "दिसत नसेल तर नाही म्हणा ना," चष्मेवाले वैतागून म्हणायचे. "लाज कसली त्यात?" फ्रेममध्ये भिंग सरकवायचं, विचारायचं, काढायचं, पुन्हा विचारायचं. "आता बरं की मघाशी बरं?" जन्मभर त्यांनी हेच विचारलं.

देवाच्या बाबतीत मात्र कुठलंही भिंग लावा, समोर धुकंच. लहानपणी विश्वास होता. चांगला घट्ट होता. मग पाठचा भाऊ तापाने गेला. अख्खी मंडळी गुडघे टेकून रडत होती तरी गेला. त्यानंतर केव्हातरी चष्मेवाल्यांचा विश्वासही निघून गेला. भांडून नाही, चिडून नाही, नुसताच गेला. लोकांना वाटतं, अविश्वासी माणूस मजेत असतो. कसली मजा आलीय! रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून बसले की हे एकटे उघड्या डोळ्यांनी चेहरे बघत बसायचे. बायकोचा तर जास्तच. तिचे ओठ हलायचे, कपाळावरची आठी हळूहळू मिटायची, आणि यांच्या पोटात हेवा उठायचा. भुकेल्याने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा साधा हेवा.

बायकोचं उलटं. चर्चमध्ये मुलांना शिकवायच्या म्हणून गावभर त्यांना बाईच म्हणत. विश्वास असा पक्का की हातोड्याने फुटणार नाही. पण आजाऱ्याच्या घरी जायचं म्हटलं की बाईंचंच डोकं धरायचं. "मी इथूनच प्रार्थना करते. देवाला त्यांचा पत्ता माहीत आहे," असं म्हणून पांघरूण ओढून घ्यायच्या. आजाऱ्याकडे जायचे ते चष्मेवाले. दर शनिवारी दुकान बंद करून पेटी उचलायचे आणि वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांच्या चष्म्यांचे सैल झालेले स्क्रू आवळत बसायचे. कुणाची नखं काप, कुणाला पेपर वाचून दाखव, कुणाचं सुनेबद्दलचं गाऱ्हाणं ऐकून घे. वाटायचं, हात चालू ठेवावेत, त्यांच्या मागून विश्वास येईल. हात थकले, पण मागून कुणी आलं नाही.

चर्चचे पाळकसाहेब थट्टेने म्हणायचे, "तुम्हा दोघांचा मिळून एक पुरता ख्रिस्ती होतो. एकीकडे विश्वास, दुसरीकडे कामं."

"आणि अक्कल?" बाई विचारायच्या.

"ती तुम्ही दोघांनी भांडणात खर्च केलीत!"

त्यांच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेची पाळी असायची. पाहुणा आला तर पाहुण्याने म्हणायची, नाहीतर घरच्यांनी एकेकाने. चष्मेवाल्यांची पाळी आली की बाईच म्हणून टाकायच्या. लग्नानंतर लवकरच एकदा त्यांनी विनवलं होतं, "एकदाच म्हणा हो. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हटली तर ती प्रार्थना कसली? थाप होईल."

बाईंनी वाढलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. चष्मेवाल्यांना मात्र कितीदा तरी वाटलं, हिने पुन्हा विचारावं. काय उत्तर देणार होते, देव जाणे. पण विचारावं, एवढं नक्की वाटायचं.

आणि मग बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जी बाई चर्चच्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी बोलायची, तिच्या घशातून नुसता घरघर आवाज. हॉस्पिटलात निदान खात तरी होत्या. घरी आणलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा ओठाशी नेला की मान वळवायच्या.

लेक हॉस्पिटलापासूनच रजा टाकून सोबत होती. चष्मेवाल्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे एकेक करून सगळं तपासलं. सूप गरम देऊन पाहिलं, कोमट देऊन पाहिलं. दाट, पातळ, दुधात भिजवलेला पाव. चमचा बदलला, उशी बदलली, खुर्ची खिडकीशी नेली. "आता बरं की मघाशी बरं?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. डॉक्टर येऊन घसा बघून गेले. "गिळायला काहीच अडचण नाही. उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल," म्हणाले.

त्याच दुपारी पाळकसाहेब भेटायला आले. लेकीने चहा आणि पाव पुढे ठेवला. साहेबांनी सवयीने डोळे मिटले, दोन वाक्यांत देवाचे आभार मानले. आणि बाईंनी तोंड उघडलं!

"अगं बाई!" लेक ओरडलीच. "बाबा, हॉस्पिटलातली ती नर्स रोज ताट ठेवून प्रार्थना म्हणायची. आई प्रार्थनेसाठी थांबलीय!"

चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. सगळं बदलून पाहिलं, तेवढं एक सोडून. घरात देवाचं नाव घेणारीच गप्प झाली होती आणि हे चमचे बदलत बसले होते.

पण गंमत पुढेच आहे. संध्याकाळी लेकीने सुपाची वाटी घेतली, डोळे मिटले आणि "हे प्रभू" म्हटलं, तोच बाईंनी डावा हात उचलून तिच्या तोंडावर ठेवला. मग तो हात वळला आणि बोट चष्मेवाल्यांवर येऊन थांबलं. वाचा गेली होती, हट्ट कुठे गेला होता! पाळी तुमची.

चष्मेवाले उठून स्वयंपाकघरात गेले. लेक मागोमाग आली. "बाबा, चार शब्द! तुमचं तत्त्व मोठं की आई?"

"तत्त्व गेलं खड्ड्यात," ते म्हणाले. "मला भीती वाटतेय. मी खोटं बोललो की तिला कळतं. दुकानातून उशिरा का आलो ते माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखायची ती. खोटी प्रार्थना म्हटली आणि तिने तोंड कायमचं मिटून घेतलं, तर?"

"मग खोटी म्हणू नका."

"खरी कुठून आणू?"

 लेकीने सूप पुन्हा गरम करून वाटी त्यांच्या हातात दिली.

ते बाईंसमोर येऊन बसले. बाई टक लावून बघत होत्या. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. मग घसा खाकरून सुरुवात केली.

"तू आहेस की नाही, मला माहीत नाही. हिला माहीत आहे. हिच्या तोंडाकडे बघून कधीकधी मलाही वाटायचं, की असशील." ते थांबले. लेकीला वाटलं, संपलं. पण ते पुढे बोलायला लागले. "मी पुष्कळ वाट पाहिली तुझी. म्हाताऱ्यांची नखं कापताना पाहिली, उपासनेत बसून पाहिली. तू हिच्याकडे यायचास आणि माझ्याकडे यायचा नाहीस, याचा मला फार त्रास व्हायचा. कुणाला सांगितलं नाही. हिलाही नाही. आता हिच्या पोटात अन्न जाऊ दे. आणि हिला एकदा तरी 'अहो' म्हणता येऊ दे. घर फार शांत झालंय रे."

लेक पदराने डोळे पुसत होती. तिने पाहिलं, तर बाईंच्या वाकड्या झालेल्या ओठांची फट हळूहळू मोठी होत होती. लहान मुलासारखं तोंड उघडून बाई बसल्या होत्या.

"बाबा," लेक कुजबुजली, "आईने तोंड उघडलंय. भरवा ना."

"तू भरव," डोळे तसेच मिटलेले ठेवून चष्मेवाले म्हणाले आणि चाचपडत त्यांनी वाटी तिच्याकडे सरकवली. "माझं अजून बोलून झालं नाही."