बिना लुयांदोची उन्हाची गिरणी

हाम्बाले गावात बिना लुयांदोचं जन्माचं नाव आठवणारी माणसं आता मोजकीच उरली होती. पहिली मुलगी लुयांदो झाली, आणि रिवाजाप्रमाणे ती ‘बिना लुयांदो’, म्हणजे लुयांदोची आई झाली ती कायमची. बाई अंगानं भक्कम आणि आवाजानं त्याहून भक्कम. तिनं डोंगराच्या कडेवरून हाक मारली की खाली करिबाच्या तलावात कपेंटा मासळी धरणारा तिचा नवरा होडी किनाऱ्याला लावतो, असं लोक म्हणायचे. नवरा म्हणायचा, “लावतो कसली, लपवतो.”

तलावाचं आणि गावाचं नातं मात्र जरा अवघड होतं. तलाव नव्हता तेव्हा हे सगळे तोंगा लोक नदीकाठी राहायचे. धरण बांधायचं ठरलं, लॉऱ्या आल्या, आणि माणसं, कोंबड्या, मडकी असं सगळं भरून या खडकाळ माथ्यावर आणून उतरवलं. धरणाची वीज शहरांकडे गेली. जाड तारा हाम्बालेच्या डोक्यावरून जायच्या आणि खाली घराघरात मेणबत्ती. बिना लुयांदो जन्मली ती माथ्यावरच, पण तिचे मामा सियांकोपे लहानपणी त्या लॉरीत बसले होते. तोंगांमध्ये मामाचा मान मोठा, त्यामुळे लॉरीची गोष्ट ती आईच्या दुधाबरोबरच प्यायली होती.

मग पाऊस रुसला. तलाव इतका खाली गेला की जुन्या बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आले आणि शहरातले लोकही अंधारात जेवू लागले. अख्खा देश एका नदीच्या भरवशावर ठेवून चालत नाही, हे सरकारला उमगलं. उन्हाला वाव द्यायचा, आणि जिथं घरापर्यंत तार पोचत नाही तिथं गावापुरती सौर वीजघरं उभी करायची, असं ठरलं. त्यात हाम्बालेचंही नाव निघालं.

अंजिराच्या झाडाखाली सभा भरली. वीजखात्याच्या साहेबांनी बरंच सांगितलं. ते थांबल्यावर बिना लुयांदो उठली.

“साहेब, सगळं कळलं. एवढंच सांगा, या खेपेला लॉरीत कोण बसायचं?”

साहेबांना प्रश्नच कळेना. त्यांच्या शेजारी राजधानी लुसाकाहून आलेली इंजिनिअर मुलगी होती, इनोंगे. तिला कळला. ती उभी राहिली.

“कोणी नाही, आई. या खेपेला लॉरी सामान घेऊन येईल आणि रिकामी जाईल. आम्हाला शाळेमागचा खडक हवाय. तिथं काही पिकतं का?”

“विंचू पिकतात!” मागून कोणीतरी ओरडलं आणि सभा हसली.

“मग घ्या,” बिना लुयांदो म्हणाली. “पण पहिली तार गिरणीला. रेडिओ आणि बिअर थंड करायची पेटी मागून.”

बायकांनी जीभ फिरवून असा लुलुकार केला की गावप्रमुखाचा बिअरचा विचार जागीच विरला. कारण सगळ्या घरांत दोन वेळा शिजायची ती मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा, आणि पीठ दळायला दोन टेकड्या ओलांडून हाटावरच्या डिझेलच्या गिरणीवर जावं लागे. डोक्यावर मका, पाठीला मूल, आणि शनिवारचा अख्खा दिवस पाण्यात.

ती डिझेलची गिरणी हाम्वांगाची. त्याचं कूळ तरसाचं, बिना लुयांदोचं शेळीचं. अशा दोन कुळांच्या माणसांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं आणि कोणी रागावू नये, असा तिथला कायदाच आहे. दोघांनी तो मनापासून पाळला होता.

“काय गं शेळी, तुझी गिरणी ढग आला की झोपणार ना?”

“झोपू दे. तुझ्यासारखी घोरत तर नाही.”

खडकावर निळेकाळे पत्रे ओळीनं उभे राहिले. नवी गिरणी आली, आणि ती चालवायला बायकांनी एकमुखानं बिना लुयांदोचं नाव घेतलं. पहिल्या दिवशी आसपासच्या वस्त्यांतूनही माणसं लोटली. हाम्वांगा मुद्दाम पुढे येऊन उभा. बिना लुयांदोनं छापील कापडाचं नवं चितेंगे कमरेला गुंडाळलं, वरून मका ओतला आणि बटण दाबलं.

गिरणी गरजली. पिशवीत मात्र पिठाचा कण पडेना. उलट वरच्या तोंडातून भसाभसा भुसा उडाला आणि बिना लुयांदो डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरी झाली.

“अरे वा!” हाम्वांगा पोट धरून म्हणाला. “ही गिरणी पिठाचा मका करते वाटतं!”

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. तिचा चेहरा क्षणभर पडला. इतकं भांडून आणलेलं हे, आणि त्याचं असं हसं? इनोंगे धावत आली, बटण बंद केलं, पेटी उघडली आणि स्वतःच हसायला लागली. “मोटार उलटी फिरतेय. चूक माझीच. दोन तारांची अदलाबदल केली की झालं.”

पुन्हा बटण दाबलं तेव्हा कापडी पिशवी पोटासारखी फुगली आणि गरम, मऊ, गोड वासाचं पीठ झरझर उतरू लागलं. बिना लुयांदोनं मूठभर घेतलं आणि सगळ्यांत आधी हाम्वांगाच्या तोंडाला फासलं. मग ढोल निघाले.

त्याच संध्याकाळी मामा सियांकोपेंच्या खोलीतला दिवा लागला. म्हातारा खाटेवर बसून बराच वेळ वर बघत राहिला. बिना लुयांदोला वाटलं, आता हे रडणार.

मामा म्हणाले, “वीज बिचारी आम्हाला शोधत असेल गं इतकी वर्षं. नदीकाठी गेली असेल, तिथं आम्ही नाही. पत्ता कोणी सांगितला नसेल तिला.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते खोकला येईपर्यंत हसले. रडू तिलाच आलं, पण तेही हसतच.

पावसाळ्यात हाम्वांगाचं थोडं खरं झालं. ढगाळ दिवसांत गिरणी दुपारपुरतीच चालायची, कारण साठवलेली वीज दवाखान्याला आणि दिव्यांना ठेवायची होती. रांगेत भांडणं झाली. त्यातच पीठ जाडंभरडं येऊ लागलं. एका दुपारी हाम्वांगा स्वतःच डोक्यावर मका घेऊन रांगेत हजर! डिझेल इतकं महागलं होतं की त्याच्या इंजिनाला गवत उगवलं होतं. बायकांनी टोमण्यांचा पाऊस पाडला. तो मात्र कान देऊन गिरणी ऐकत होता.

“शेळी, तुझी गिरणी खोकतेय. आतल्या लोखंडी पट्ट्या एका बाजूनं झिजल्यात. उलटून बसव.”

“तूच बसव की. तरसाला हाडं फोडायची सवय असतेच.”

त्यानं बाह्या वर केल्या आणि रांग संपायच्या आत पीठ पुन्हा मऊ झालं. बिना लुयांदोनं त्याचा मका दळून दिला आणि म्हणाली, “उद्यापासून ये.”

“शेळीच्या दारी चाकरी? माझे पूर्वज थडग्यातून उठतील.”

“चाकरी नाही, भागीदारी. पूर्वजांनाही सांग, आले तर पिशव्या उचलायला मदत होईल.”

तो आला. आता दोघं दिवसभर गिरणीच्या आवाजावरून आवाज चढवून एकमेकांचा उद्धार करतात, आणि दळायला आलेल्यांची करमणूक फुकटात होते.

बायकांचा शनिवार मात्र रिकामा पडला. आधी त्यांना सुचेना की या दिवसाचं करायचं काय. मग कोणीतरी फुटबॉल आणला. शाळेच्या मैदानावर चितेंगे वर खोचून बायका धावू लागल्या, आणि सुगीपर्यंत हाम्बालेचा चमू शेजारच्या गावांना आव्हान देऊ लागला. गोलात उभी कोण? दुसरी कोण असणार! गेल्या सामन्यात तिनं एक चेंडू पोटावर झेलला, एक पाठीवर, आणि तिसरा आत गेला तेव्हा पंच असलेल्या हाम्वांगाशी ती इतकी भांडली, इतकी भांडली, की समोरचा चमू सावलीत जाऊन बसला. इनोंगे वीजघर तपासायला आली होती. ती बाजूला उभी राहून ओरडत होती, “आई, गोल झालाय! मी पाहिलाय!”

“तू तारा बघ!” बिना लुयांदो तिथूनच गरजली, आणि दोन्ही हात पसरून पुन्हा गोलात उभी राहिली.