कवडूच्या घरचा कानोबा

मूर्ती घडवतोस तरी कशी, असं कवडू कुंभाराला कुणी विचारलं की तो चिडायचाच. त्याला काय डोंबल ठाऊक! बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, चिकणी माती कापूस घालून मळायची, गोळा मांडीवर घ्यायचा आणि गप्पा हाणत बसायचं. नजर रस्त्यावर, हात मातीत. बोटं अडली की माती अजून तयार नाही, गोळा बाजूला. बोटं चालू लागली की बघता बघता कानोबा उभा. तिरोड्याजवळच्या त्या गावात गोकुळाष्टमीला घरोघर कानोबा बसायचा, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगायचे, दुसऱ्या दिवशी मूर्ती बोडीत शिरवायचे, पाण्यात सोडायचे. सगळे कानोबा कवडूच्या हातचे.

कवडूच्या घरी मात्र कानोबा नव्हता. देश स्वतंत्र झाला त्या साली, नेमका अष्टमीलाच, त्याचा रांगता पोरगा खुशाल तापानं गेला. सणाच्या दिवशी घरात मरण आलं की तो सण त्या घराला खोटा होतो, पाळता येत नाही. पुन्हा त्याच दिवशी घरात मूल जन्मावं, नाहीतर गाय व्यावी, तेव्हाच तो सुटतो. मूल काही झालं नाही. त्याच्या बायकोनं, रुख्मानं, हट्टानं गाय पाळली. पण गायही मोठी लबाड! कधी पोळ्याला व्याली, कधी दिवाळीला.

तेव्हापासून कवडूचे कानोबा सगळे उभे, बासरीवाले. रांगता एकही नाही. पाच-सहा वर्षं अशीच गेली. मग एका श्रावणात, शेजारच्या भैयाजीशी धानाच्या रोवण्याचं बोलता बोलता, त्याची बोटं भलतीकडेच वळली. खाली पाहतो तर गुडघ्यांवर रांगणारं पोर, मान वर केलेली. खुशाल अशीच मान वर करायचा. कवडू मूर्ती चेपून पुन्हा गोळा करायला निघाला, तसा रुख्मानं हात धरला.

"राहू द्या. डोळे नोका काढू, बस."

काजळानं डोळे काढले की मूर्तीचा देव झाला, मग त्याला पुजणं आलं. म्हणून मूर्ती तशीच बिनडोळ्यांची फळीवर राहिली. अष्टमीच्या सकाळी ती मागायला आलेल्या गावातल्या सुशीलाबाईला रुख्मानं वाटेला लावलं. दुपारी गाय गोठ्यात ऊठबस करू लागली. नवराबायको तिच्यापुढे बसून राहिले. दिवस कलायच्या आत गाय व्याली.

कवडूनं काजळ घेतलं. डोळे काढले, आणि मग तो रडला, चांगला हमसून हमसून. गाय आजच व्यायची हे तुम्हाला आधीच कसं कळलं, असं रुख्मानं विचारलं.

"मले कुठं ठाऊक? हातालेच मालूम होतं."

दुसऱ्या दिवशी रांगता कानोबा छातीशी धरून तो बोडीकडे गेला. खुशालला त्यानं याच वाटेनं नेलं होतं. त्या वेळी परत येऊन तो चार दिवस कुणाशी बोलला नव्हता. आज परतला तर रुख्मा दारातच उभी होती.

"गेला?"

"गेला. पुढच्या साली येतो म्हणे."