मऊ केलेलं वाक्य

तरुणपणी ती नर्स म्हणून परदेशी गेली आणि तिथल्या सरकारी इस्पितळात निम्मं आयुष्य काढून परत आली. येताना दुखरे गुडघे आणि तिकडची भाषा एवढंच घेऊन आली. गुडघ्यांचं कुणाला सोयरसुतक नव्हतं, पण भाषेमुळे चर्चमध्ये तिचा भाव वधारला. तिकडच्या चर्चशी इथल्या मंडळींचा जुना घरोबा होता. पाहुणा आला की बिशप म्हणायचे, "नर्सबाईंना बोलवा."

त्या रविवारी तिकडचे बिशप स्वतः आले होते. हसतमुख, मोकळा माणूस. ते दोन वाक्यं बोलायचे, शेजारी उभी राहून ती आपल्या भाषेत सांगायची. शाळा झाली, विहीर झाली, नवं छप्पर झालं. मग त्याच प्रेमळ आवाजात ते म्हणाले, "पुरुषाबरोबर संसार करणारे पुरुष, बाईबरोबर राहणाऱ्या बायका, अशांना जन्मभर तुरुंगात डांबायचा कायदा आमच्याकडे झालाय. त्यांना घर देणाऱ्यालाही शिक्षा आहे. आम्हीच तो मागून घेतला. देवाचे आभार माना."

समोर सगळी मंडळी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"आमच्याकडे कुटुंबाचं रक्षण करणारा कायदा झालाय," ती म्हणाली. "देवाचे आभार माना."

टाळ्या पडल्या. त्या आपल्याच वाक्याला पडल्या असं वाटून पाहुणे आणखी खुलले.

घरी आल्यावर नवरा खुशीत होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. "झकास झालं आज. पाहुण्यांचं मला एक अक्षर कळत नाही, पण तू बोललीस की वाटतं, माणूस देवासारखा आहे."

तिला तिकडच्या वॉर्डातला मलमपट्टी करणारा आठवत होता. नवीन असताना ती तापानं फणफणली, तेव्हा त्यानं तिला चमच्याचमच्यानं पेज भरवली होती. तेव्हापासून ती त्याला भाऊच म्हणायची. तो एका शाळामास्तराबरोबर राहायचा. साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतं, आणि कुणाच्या पोटात दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला फोन लावला.

"घर सोडायला सांगितलंय," तो म्हणाला. "घरमालक रडला गं. पण त्यालाही पोरंबाळं आहेत."

तिनं पाहुण्यांचं बोलणं सांगितलं. त्यानं विचारलं, "मग तू लोकांना काय सांगितलंस?"

तिनं तेही सांगितलं. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "रोग्याला वाईट बातमी गोड करून सांगायची तुझी सवय जुनीच आहे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमचे बिशप आमचं ऐकणार नाहीत," तो म्हणाला. "तुमच्या बिशपांची त्यांना भीड आहे. त्यांना एक शब्द टाकायला सांग."

ती गेली. बिशप कुंड्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं, पण झारी काही खाली ठेवली नाही. "बाई, दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?"

"त्यांना आपल्या घरात बोलावून टाळ्या तर आपणच वाजवल्या ना?"

"लोकांना कुठं माहीत होतं?"

"तीच तर माझी चूक. येत्या रविवारी मी सांगते त्यांना."

"आणि बोभाटा झाला तर?"

"होऊ दे. भीड भिकेची बहीण, एवढं मला आता कळलंय."

रविवारी ती त्याच माइकसमोर उभी राहिली. मान वर होत नव्हती. पाहुण्यांचं वाक्य तिनं जसंच्या तसं सांगितलं, आपण ते कसं फिरवलं तेही सांगितलं. भाऊचं नाव घेतलं नाही. मला पेज भरवणाऱ्या माणसाला आज कुणी छप्पर देत नाही, एवढंच म्हणाली. "आपल्या बिशपांनी या कायद्याविरुद्ध बोलावं, ही विनंती आहे."

कुणी खाकरलं. दोन कुटुंबं उठून गेली. मागून तिची सख्खी जाऊ पुटपुटली, "आमच्या घराण्याची अब्रू घालवली हिनं."

मग बिशप उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाईंना एकटं उभं करू नका," ते म्हणाले. "त्या कायद्याची बातमी मी पाहुण्यांना बोलावण्याआधीच वाचली होती. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. इथं लाज वाटायची ती आधी मला वाटायला हवी."

त्यांनी तिकडच्या बिशपना स्पष्ट कळवलं: माणसाला त्याच्या प्रेमापायी तुरुंगात घालणं आम्हाला मान्य नाही, तुम्ही या कायद्याला दिलेला पाठिंबा काढून घ्या. शेजारच्या चर्चच्या पाळकबाईंनीही त्याखाली सही केली. इतर पाळकांनी विचार करून सांगतो म्हटलं. तिकडून दोन ओळींचं तुटक उत्तर आलं. कायदा आहे तिथंच आहे.

पुढं वाटेत कुणी तिला म्हणायचं, "धाडस केलंत हं बाई." ती घाईनं विषय बदलायची. तोवर भाऊ बहिणीकडे राहायला गेला होता, आणि मास्तर कुठल्या गावी आहे ते तो फोनवर सांगत नव्हता.