सावंतकाकांची तीनच गाणी

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

इथे आखातात, दूर रुवैसच्या रिफायनरीत वेल्डर असलेले सावंतकाका खास सुट्टी टाकून शहरात अल रीमला, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आले. एका ब्रिटिश रॉक-सोल गायकावर त्यांचा जीव. त्याच्या विशीतल्या पहिल्या गाण्यापासून ऐंशीतल्या शेवटच्या गाण्यापर्यंतची कारकीर्द ते तासाभरात ऐकवणार होते.

तिसऱ्याच गाण्याला आमचे अध्यक्ष उठले. "काका, खलास करा आता. बिर्याणी गार होतेय!"

"अहो, म्हातारपणी आवाज फाटला, तेव्हा कुठे तो खरा गायला लागला. तेच तर ऐकवायचं होतं."

कुणाचं लक्षच नव्हतं. काकांनी लॅपटॉप मिटला.

इतकी कसली घाई होती? खरं सांगा, तुम्ही थांबला असतात?

मी नाही थांबले. ताट घेऊन रांगेत पहिली मीच होते.